‘पत्रकार’ लिहिलेली पिशवी

सदा, तू मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास गेलास. त्याला आज एकवीस दिवस झाले. दवाखान्यातून घरी आणल्यानंतरचा तो चौथा दिवस होता. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तू उशीला टेकून बसलेला होतास आणि चष्मा डोळ्यांवर होता. ही माहिती वहिनींची आहे. मी तिथे नव्हतो. मी पावणेआठला पोचलो.

जलदान विधी आणि शोकसभा रविवारी गावी झाली. तुझ्या वाडीतले सगळे आले होते, आमच्या वाडीतलेही बरेच. आपल्या देवरुखच्या शाळेतले पाचजण आले. तीन माणसं बोलली. तिघांनीही तुझ्या प्रामाणिकपणाचा उल्लेख केला. मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा मी नको म्हणालो. घसा बसलाय असं कारण दिलं, ते खोटं होतं. मला बोलायचं तर अकरा वर्षांपूर्वीच्या सहा ओळींपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्या सहा ओळी माझ्याच होत्या.

पुढच्या रविवारी प्राचीचा फोन आला. ‘काका, मिरजोळ्याची शेड महिनाअखेर खाली करून द्यायचीय. बाबांची गाडी उघडायची आहे. तुम्ही या. मी आणि आई दोघीच आहोत.’

तुझी गाडी म्हणजे जपानी. तिला कंपनीच्या नावाने कुणी हाक मारलीच नाही. जहाजावरच्या एका चीफ इंजिनिअरांनी कायमचं घरी परतताना ती आणलेली. जपानात कुणीतरी वापरलेली, इकडे येऊन पुन्हा वापरलेली. पार्ट मिळत नाहीत म्हणून सगळ्या गॅरेजांनी हात वर केले, तेव्हा ती तुझ्याकडे आली. इंजिनिअरांचं कुटुंब पुढे परदेशी गेलं आणि जाताना गाडी कागदपत्रांसह तुझ्या नावावर करून गेलं. तू तिला चालती ठेवलीस. खाऱ्या हवेने दरवाजांच्या खालच्या कडा खाल्ल्या, रंग उडाला, पण इंजिन पहिल्या चावीला लागायचं.

चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आतून एक बाई जपानीत एक वाक्य बोलायची. तुझं उत्तर ठरलेलं होतं. ‘हो बाई, निघतोच.’ तू ऑटो इलेक्ट्रिशियन होतास. ती वायर कापायला तुला एक मिनिट लागलं नसतं.

‘एवढ्या लांबून आलीय,’ तू बोलायचास, ‘बोलू दे तिला.’

गाडी पहिल्यांदा खोलली त्या दिवशी मी गॅरेजमध्ये होतो. मागची सीट काढल्यावर खाली निघालेल्या वस्तू अशा: मध्ये भोक असलेलं एक नाणं, लाल दोरी बांधलेली छोटी घंटी, लहान मुलाचा एकच मोजा आणि जपानी अक्षरांतला रस्त्यांचा नकाशा. तू ते सगळं एका पिशवीत घातलंस, पिशवीवर मार्करने ‘जपान’ असं लिहिलंस आणि ती भिंतीवरच्या तारेला अडकवलीस.

‘जपानहून कोण येणार आहे मागायला?’

‘येवो न येवो. आपली हाय का वस्तू?’

‘फेकून दे रे.’

‘तू फेकतोस काय तुझी पेपरातली कात्रणं? मग मला कशाला शिकवतोस, मेल्या?’

ज्यांना तुझी तार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गाडी दुरुस्तीला आली की सीटखाली, डिकीत, कप्प्यात जे काही राहिलेलं सापडेल ते तू एका पिशवीत घालायचास. पिशवीवर गाडीचा नंबर घालून ती तारेला लावायचास. वस्तूची माणसाला कधी आठवण करून द्यायची नाही, ती कुणाच्या घरी नेऊन द्यायची नाही. मालकाने यायचं, मागायचं, मग द्यायची. हा नियम पहिल्यापासून नव्हता. गॅरेज नवीन असताना तुला एका गाडीत कानातलं सापडलं. तू ते हातोहात मालकाच्या घरी नेऊन त्याच्या बायकोला दिलंस. ते तिचं नव्हतं. संध्याकाळी मालक गॅरेजवर आला, ते कानातलं तुझ्यापुढे टाकलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, ‘तुला कुणी सांगितलं होतं रे घरी आणून द्यायला?’ हे तू मला पन्नासदा सांगितलं असशील, आणि प्रत्येक वेळी आधी तूच हसायचास. ‘तवापासून कानाला खडा. ज्याची वस्तू त्याने येऊन मागायची. आपण कुणाच्या दारात जायचं नाय.’

आता त्या सहा ओळी.

तुझं गॅरेज तेव्हा शहरात, मोठ्या रस्त्याला होतं. एका गिऱ्हाइकाने तक्रार दिली की बॅटरीच्या कामाला गाडी दिली होती, कप्प्यात बायकोची सोन्याची चेन होती, गाडी परत मिळाल्यावर ती नव्हती. मी तेव्हा गुन्ह्यांच्या बातम्या बघत होतो. पोलीस ठाण्यात रोजची नोंद घ्यायला गेलो तेव्हा तुझं नाव वहीत होतं आणि तू आतल्या खोलीत बाकावर बसलेला होतास. दार अर्धं उघडं होतं. तू मला पाहिलंस की नाही हे मी कधी विचारलं नाही. मी तुला पाहिलं.

मी बातमी लिहिली. पहिल्या मजकुरात ‘एका मेकॅनिकची चौकशी’ एवढंच होतं. डेस्कवरून विचारणा झाली, नाव का नाही? मी नाव दिलं. दुसरा कुणी असता तर मी नाव दिलं असतं. मग ओळखीचा आहे म्हणून वगळायचं का, असा माझा हिशेब होता. त्याच कारणाने मी तुला फोन केला नाही. दुसऱ्या कुणालाही केला असता. दोन्ही बाजू घ्यायच्या हा नियम मी पुढे पंधरा-वीस शिकाऊ पोरांना शिकवला. तुझ्या बाबतीत मी तो मोडला, आणि मोडताना मला वाटत होतं की मी फार कडक वागतोय.

बातमी गुरुवारी आली. आतल्या पानावर, एक कॉलम, तुझ्या नावासह, गॅरेजच्या पत्त्यासह.

शनिवारी चेन सापडली. गिऱ्हाइकाच्या घरीच, लग्नाला नेसलेल्या साडीच्या घडीत. तक्रार मागे घेतली गेली. ते छापून आलं नाही. मागे घेतलेली तक्रार ही बातमी होत नाही, अशी आमच्याकडे रीत होती.

तू त्यानंतर मला ऑफिसखाली गाठलंस. रागावलेला नव्हतास. रागावला असतास तर बरं झालं असतं. ‘आमच्यातल्या माणसावर विश्वास बसायला गिऱ्हाइकाला दहा वर्षं लागतात,’ तू म्हणालास. ‘वाडीतला पहिला गॅरेजवाला मी. तुला माहीत हाय ना? तुला तरी माहीत हाय.’

मी तुला सांगितलं, ‘खुलासा लेखी लागतो. लिहून आण, लावतो.’

‘मला कुठं लिहिता येतंय तुझ्यासारखं?’

‘जमेल तसं लिही.’

खुलासा छापून आला नाही. दोन डॉक्टरांच्या आणि एका बँकेची अशा गाड्या तुझ्याकडे यायच्या, त्या बंद झाल्या. प्राची नववीत होती. तिला शाळेत कुणीतरी ‘चेन’ असं नाव ठेवलं. पावसाळ्यानंतर तू मोठ्या रस्त्यावरची जागा सोडलीस आणि मिरजोळ्याला, कारखान्यांच्या मागे, पत्र्याची शेड घेतलीस. माझ्याशी तू दीड वर्ष बोलला नाहीस. मीही आलो नाही. तू लिहून आणलं नाहीस, ही माझी बाजू होती, आणि ती मला पुरेशी वाटत होती.

माझे वडील गेले तेव्हा पहाटे गावाहून फोन आला. मी एसटी स्टँडला जायला निघालो तर खाली जपानी उभी होती. तुला कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. तू दार उघडलंस. चावी फिरवलीस, बाई बोलली, तू उत्तर दिलं नाहीस. बावनदीच्या पुलावर तू म्हणालास, ‘तुझ्या बापाने मला पोहायला शिकवलंन. विहिरीवर. लोक बोलत होते तरी.’ हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांबद्दलची ती एक गोष्ट मला तुझ्याकडून मिळाली. तू दिवसभर थांबलास, अंगणात चिरे पडले होते त्यावर बसून राहिलास आणि संध्याकाळी मला परत सोडलंस. त्याचे आभार मी मानले नाहीत. मित्राचे आभार मानत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी मी शेडवर येऊ लागलो. जपानीच्या पुढच्या सीटवर मी, बाहेर स्टुलावर तू, आणि कोपऱ्यावरून आलेला चहा. तू मला ‘पत्रकार’ म्हणायचास, निवृत्त झाल्यावरही. खुलाशाचा विषय इतक्या वर्षांत दोनदाच निघाला.

पहिल्यांदा मीच काढला. ‘तू लिहून आणलं असतंस तर मी लावलं असतं.’

तू एका डायनामोला पॉलिश पेपर मारत होतास. ‘दिलेलं लिहून.’

‘कुणाकडे?’

‘तुमच्या हापिसात.’

‘माझ्याकडे नाही आलं.’

‘बरं,’ तू म्हणालास.

दुसऱ्यांदा, या वर्षी, तुझे रिपोर्ट आल्यानंतर. तू बारीक झाला होतास. मी पुन्हा तेच म्हणालो, की ते एक राहून गेलं, तू तेव्हा लिहून दिलं असतंस तर. का म्हणालो ते मला सांगता येत नाही. कदाचित तू ‘असू दे’ म्हणावंस म्हणून. तू हसलास.

‘पत्रकार, तुझी वस्तू हाय माझ्याकडे. मागशील तेव्हा देईन.’

मला वाटलं, छत्री. दोन वर्षांपूर्वी तुझ्या गाडीत मी काळी छत्री विसरलो होतो.

‘राहू दे रे, नवीन घेतली मी,’ मी म्हणालो.

तू पुन्हा ‘बरं’ म्हणालास.

प्राचीचा फोन आला त्या रविवारी मी शेडवर पोचलो तेव्हा ती कुलूप काढत होती. ती आता चिपळूणला लॅबमध्ये नोकरी करते, तुला माहीतच आहे. भिंतीवरची तार रिकामी होती. आजार वाढल्यावर तू सगळ्या पिशव्या जपानीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर नेऊन ठेवल्या होत्यास. वहिनी म्हणाल्या, ‘शेडीत पाणी गळतं म्हणून. गाडीत गळत नाय.’

प्राचीने बॅटरी जोडली आणि आतला दिवा लागतो का बघायला चावी फिरवली. बाई बोलली. प्राचीने खिशातून फोन काढला, चावी बंद करून परत फिरवली आणि फोन डॅशबोर्डजवळ धरला. फोनने मराठीत भाषांतर दिलं.

‘कार्ड लावलेलं नाही, असं म्हणतेय,’ प्राची म्हणाली. ‘टोलचं काहीतरी असणार. इतकी वर्षं एवढंच सांगत होती.’

‘आणि हे तिला निघतो म्हणून सांगायचे,’ वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावला.

पिशव्या एकोणतीस निघाल्या. आम्ही त्या शेडच्या जमिनीवर एकेक उघडल्या. नखं कापायचं कटर, आंबा पेटीवर मारायचा स्टेन्सिल, लहान मुलीची चप्पल, लग्नपत्रिका, देवळाची पावती, एसटीचा पास, एक ज्योतिषाने लिहून दिलेला कागद. ते कानातलंही होतं. मालकाने ते परत नेलं नव्हतं. एका पिशवीत दातांची कवळी निघाली.

‘हे कुणी विसरतं?’ प्राची म्हणाली. ‘जेवला कसा असेल तो?’

‘तो माणूस मला माहीत हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘दोनदा आला बिचारा. दोनदा येऊन बॅटरीचं बोलून गेला. लाजेने मागितलीच नाय. हे पण देत नाय! मी म्हटलं, अहो, द्या त्याला, दात आहेत ते. तर बोलतात कसे, मागू दे.’

आम्ही तिघंही हसलो. तुझ्यानंतर पहिल्यांदा.

‘जपान’ लिहिलेली पिशवी तळाशी होती. नाणं, घंटी, मोजा, नकाशा. चारही वस्तू होत्या.

तिच्या शेजारी ‘पत्रकार’ लिहिलेली पिशवी होती. मी हात पुढे केला. वहिनींनी ती उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

‘भावोजी, मागा.’

मला कळलं नाही.

‘त्यांनी सांगितलेलं. पत्रकार मागेल तेव्हा दे. आपणहून देऊ नको.’

मी म्हणालो, ‘वहिनी, माझी वस्तू द्या.’

त्यांनी दिली.

आत होतं ते असं: काळी छत्री, एक काडी मोडलेली. चष्म्याचं घर. माझं एक पेन. पंचायत समितीच्या सभेची माझी टिपणवही, अर्धी लिहिलेली. आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये एक कागद. कागद झेरॉक्स होता, त्यावरचा शिक्का मात्र अस्सल, जांभळ्या शाईचा. आमच्या कार्यालयाचा आवक शिक्का. त्यात तारीख आहे, बातमीनंतरच्या सहाव्या दिवसाची. तारखेखाली घेणाऱ्याची सही आहे.

प्राचीने माझ्या खांद्यावरून वाचलं. ‘हे माझं अक्षर आहे,’ ती म्हणाली. ‘बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. अभ्यास टाकून बसवलं होतं मला.’

कागदावरचा मजकूर मी इथे जसाच्या तसा देतो.

‘मा. संपादक, आपल्या पेपरात माझ्या नावाने बातमी आली की गाडीतून चेन गेली व माझी चौकशी झाली. चौकशी झाली हे खरे आहे. चेन मी घेतली नाही. चेन त्यांच्या घरीच साडीच्या घडीत सापडली व त्यांनी तक्रार मागे घेतली. हे पण छापावे. माझ्या गॅरेजमध्ये गाडीत राहिलेली वस्तू नंबर घालून ठेवली जाते. कोणीही येऊन बघावे. ज्याने बातमी लिहिली तो माझा मित्र आहे. त्याचे काम त्याने केले. त्याच्याबद्दल तक्रार नाही. आपला, सदानंद.’

शेवटून दुसऱ्या वाक्यानंतर एक ओळ खोडलेली आहे. खोडलेलं वाचता येतं. ‘पण त्याने एकदा विचारायला पाहिजे होते.’

‘ही ओळ बाबांनीच खोडायला लावली,’ प्राची म्हणाली. ‘मी म्हटलं, राहू दे ना. तर नको म्हणाले, त्याला नोकरीत त्रास होईल.’

शिक्क्याखालची सही माझी आहे. आडवी रेघ आणि तिच्या टोकाला गळासारखा आकडा, अशी सही मी तीस वर्षं केली. आवक घेणारा माणूस जेवायला गेला की त्याच्या टेबलाशी जो कुणी असेल त्याने कागद घ्यायचा, शिक्का मारायचा आणि ट्रेमध्ये टाकायचा. त्या दिवशी मी असणार. न वाचता सही केली असणार. तू स्वतः आला होतास की कुणाच्या हाती पाठवलंस, हे कळायला आता मार्ग नाही. प्राचीला आठवत नाही, वहिनींना माहीत नाही. मूळ कागदाचं काय झालं तेही मला माहीत नाही. मला काहीही आठवत नाही, आणि सही माझी आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

‘माझ्याकडे नाही आलं,’ असं मी तुला म्हणालो तेव्हा हा कागद तुझ्या डोक्यावरच्या तारेला होता. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मी जपानीच्या पुढच्या सीटवर बसलो होतो, आणि तोवर तू पिशव्या गाडीत हलवल्या होत्यास असं वहिनी सांगतात. म्हणजे कागद माझ्या पाठीमागे, हात मागे केला तर पोचेल इतक्या अंतरावर होता. तू तो काढून माझ्यासमोर धरला असतास तर विषय तिथेच संपला असता. तू तो पिशवीत घातलास, माझी विसरलेली वस्तू म्हणून, आणि मी मागायची वाट बघितलीस. मी पुरावा मागणारा माणूस आहे, हे तुला शाळेपासून माहीत होतं. तुझ्याकडे तो मागावा असं मला एकदाही वाटलं नाही. मी ‘दाखव’ एवढंच म्हणायला हवं होतं.

यावर तुझ्याशी भांडायचं राहिलं, सदा. नियम गिऱ्हाइकांसाठी होता. मी गिऱ्हाईक नव्हतो. कवळीवाल्याला एक वेळ ठीक आहे, मला तू सांगायला हवं होतंस. हे मी तुला चहा पिताना सांगितलं असतं आणि तू म्हणाला असतास, ‘मग तू मला विचारलंस काय, मेल्या?’

सोमवारी सकाळी मी जुन्या ऑफिसात गेलो. आता तिथे मला ओळखणारे दोघेच आहेत. संपादक तरुण आहेत. त्यांनी बसवलं, कागद वाचला, माझं सोबतचं पत्र वाचलं. बातमी माझी होती, समोरची बाजू मी घेतली नव्हती, आणि हा खुलासा आमच्याच कार्यालयाने माझ्या सहीने स्वीकारला होता, असं मी पत्रात लिहिलं होतं.

‘अकरा वर्षं झाली, सर,’ ते म्हणाले. ‘वाचकांना संदर्भ लागणार नाही. तक्रारदार हयात आहेत का?’

‘नाहीत.’

‘आणि ज्यांचा खुलासा आहे ते?’

‘तेही नाहीत.’

‘बघतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही आवकमध्ये देऊन ठेवा.’

मी खाली येऊन आवकमध्ये दिलं. टेबलावर एक मुलगी होती. तिने न वाचता शिक्का मारला. मी पोचप्रत मागितली. तिने तारीख घातली आणि सही केली.

जपानी अजून शेडमध्ये आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पिशव्यांची सोय लागेपर्यंत गाडी द्यायची नाही, असं वहिनींनी ठरवलं आहे. प्राचीने कवळीवाल्याचा पत्ता काढला, पण वहिनींनी तिला जाऊ दिलं नाही. गेल्या शुक्रवारी तो माणूस आपणहून भेटायला आला होता. जाताना त्याने मागितली. वहिनींनी दिली. आता उरलेल्या अठ्ठावीस पिशव्यांपैकी माझी माझ्याकडे आहे, सत्तावीस गाडीत आहेत.

खुलासा देऊन आठ दिवस झाले. रोजचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहतो. आज मंगळवारच्या अंकापर्यंत तो छापून आलेला नाही. पोचप्रत माझ्याकडे आहे.